पांढऱ्या घरातला संसार

रोनाल्ड रीगन अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून व्हाइट हाऊसमध्ये राहायला गेले ते १९८१ च्या जानेवारीत. थोड्याच दिवसांत त्यांच्या पत्नी नॅन्सी यांच्या हातात बिल पडले. घरच्यांचे जेवणखाण, ड्रायक्लीनिंगला दिलेले कपडे, टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू, सगळे त्यात मांडलेले. नॅन्सीबाईंना नवल वाटले. अध्यक्षांना आपल्या घासाचे पैसे आपल्याच खिशातून द्यावे लागतात हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते, असे त्या पुढे म्हणाल्या.

बी.ए.च्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास शिकवताना ही गोष्ट मी दरवर्षी सांगते. जाहीरनामे आणि घटनादुरुस्त्या ऐकून पेंगणारी मुले इथे जागी होतात. एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे मॅडम, घर फुकट, पण मेस लावलेली?" वर्ग हसला. पण खरे सांगायचे तर याहून नेमके वर्णन मला आजवर सुचलेले नाही.

व्यवस्था अशी आहे. घराला भाडे नाही. नोकरचाकर, वीज, दुरुस्ती आणि परदेशी पाहुण्यांच्या मेजवान्या हा सरकारी खर्च. पण अध्यक्षांच्या कुटुंबाने खाल्लेले अन्न आणि त्यांच्या घरगुती पाहुण्यांचा पाहुणचार हा त्यांचा स्वतःचा खर्च. घराचा मुख्य कारभारी, ज्याला तिकडे चीफ अशर म्हणतात, तो दरमहा हिशेब पाठवतो. २००१ पासून अध्यक्षांचा पगार वर्षाला ४ लाख डॉलर आहे, तेव्हा किराण्याचे बिल जड जात असेल असे नाही. पत्नीला मात्र पगार नाही. घर सजवायचे, मेजवान्या ठरवायच्या, शेकडो हात हातात घेऊन हसायचे, सगळे बिनपगारी. आपल्या घरातल्या बायकांना यात नवीन काही वाटणार नाही!

आपण दोन भाषांत वावरणारी माणसे. 'यजमान' हा शब्द आपल्या दोन्ही घरांत आहे, पण त्याचा तोल वेगळा आहे. मराठीत यजमान म्हटले की पाहुण्यांचे आगतस्वागत करणारा डोळ्यांसमोर येतो. कन्नडात यजमान म्हणजे घराचा मालक, कर्ता, ज्याचा शब्द चालतो तो. व्हाइट हाऊसमध्ये राहणारा माणूस मराठी अर्थाने पक्का यजमान आहे. कन्नड अर्थाने तो यजमान आहे का, याचे उत्तर गेली सव्वादोनशे वर्षे तिथे राहून गेलेल्या कुटुंबांनी आपापल्या परीने शोधले आहे. मला त्या घराच्या राजकारणापेक्षा हा शोध जास्त वाचावासा वाटतो.

घराची पायाभरणी १३ ऑक्टोबर १७९२ ची. जेम्स होबन या आयरिश वास्तुकाराचा आराखडा. आज त्यात १३२ खोल्या आणि ३५ स्नानगृहे आहेत. पहिल्या मजल्यावर मेजवान्यांची दालने, तिथून पर्यटकांच्या रांगा जातात. कुटुंब राहते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे खाली जगाचा राबता आणि वर संसार. मध्ये एक जिना.

पहिला संसार मांडला जॉन आणि ॲबिगेल ॲडम्स यांनी. अध्यक्ष १ नोव्हेंबर १८०० ला राहायला आले, बाई दोन आठवड्यांनी पोचल्या. घर अर्धवट होते. भिंतींचा गिलावा ओला, नोकरांना हाक मारायला घंटा नाहीत, चहूकडे जंगल असून शेकोट्यांना पुरेसे सरपण मिळेना. धुतलेले कपडे बाहेर वाळत घालणे शोभेना, म्हणून ॲबिगेलबाईंनी पूर्वेकडच्या भव्य दालनात दोऱ्या बांधल्या. ज्या दालनात पुढे राजेमहाराजांचे स्वागत व्हायचे होते, तिथे आधी अध्यक्षांचे कपडे वाळले. मुलीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सगळी गैरसोय सांगितली आणि वर बजावले की हे तुझ्यापाशीच ठेव; कोणी विचारलेच तर जागा सुंदर आहे, एवढेच सांग. सासरची गैरसोय माहेरी कळवताना आपल्या आज्या याच धर्तीवर पत्रे लिहीत असाव्यात.

ॲडम्स यांच्या घरात गुलाम नव्हते. त्यांच्यानंतर आलेल्या थॉमस जेफरसन यांच्या घरात होते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या अध्यक्षाने १८०२ मध्ये आपल्या शेतावरून ईडिथ नावाची पंधरा वर्षांची मुलगी फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली स्वयंपाक शिकायला आणली. तिचा नवरा जोसेफ फॉसेट, तोही गुलाम, शंभरावर मैल दूर शेतावरच्या लोहारकामात. ईडिथ सात वर्षे त्या स्वयंपाकघरात राबली. १८०६ मध्ये जोसेफ न राहवून पळाला आणि थेट वॉशिंग्टनला बायकोकडे गेला. जेफरसन यांनी माणूस पाठवून त्याला पकडून परत आणवले. वर एक कुटुंब राहत होते आणि त्याच घराच्या तळाशी दुसऱ्या कुटुंबाची अशी ताटातूट झालेली होती. जेफरसन यांच्या मृत्युपत्राने जोसेफला स्वातंत्र्य मिळाले, ईडिथला आणि मुलांना नाही. १८२७ मध्ये त्यांचा लिलाव झाला. त्यांतल्या शक्य तेवढ्यांना सोडवून आणण्यात जोसेफने पुढची वर्षे घातली. ही हकीकत वर्गात सांगितली की मात्र कोणी हसत नाही.

या घरातला सगळ्यांत हलवून टाकणारा प्रसंग विचाराल तर मी १८६२ चा फेब्रुवारी सांगेन. अब्राहम लिंकन यांच्या कुटुंबाला तिथे येऊन वर्ष होत आले होते. यादवी युद्ध पेटलेले. थोरला रॉबर्ट हार्वर्डला शिकत होता. विली अकरा वर्षांचा, टॅड त्याहून लहान. या दोघांनी घर डोक्यावर घेतलेले. त्या काळी अध्यक्षांची कचेरीही दुसऱ्याच मजल्यावर होती, त्यामुळे नोकरी मागायला आलेल्यांची रांग आणि पोरांचा दंगा एकाच बोळातून वाहत असे. लिंकन मुलांना रागावत नसत, अशी त्यांच्या सहकाऱ्यांची तक्रार असे.

पत्नी मेरी यांनी घर सजवण्याचा ध्यास घेतला होता. संसदेने २० हजार डॉलर मंजूर केले होते, बाईंनी त्याहून जास्त उधळले. सैनिकांना पांघरायला घोंगड्या मिळत नाहीत आणि या घरासाठी असली चैन, म्हणून लिंकन विलक्षण संतापले. नवे गालिचे आणि पडदे लोकांना दाखवावेत म्हणून मेरी यांनी ५ फेब्रुवारीला मोठा समारंभ ठरवला. शेकडो निमंत्रणे गेली. आणि विली तापाने आडवा पडला.

समारंभ रद्द करायचा का? डॉक्टरांनी तातडीचा धोका नाही असे सांगितले, आणि पाहुण्यांना बोलावून झाले होते. त्या रात्री खाली सैन्याचा बँड वाजत होता, वर मुलगा तापात होता. आईबाप आळीपाळीने पाहुण्यांतून निसटून जिना चढत होते. उशाशी बसली होती एलिझाबेथ केकली, मेरी यांचे कपडे शिवणारी कृष्णवर्णीय स्त्री. ती एकेकाळी गुलाम होती, शिवणकामाच्या जोरावर पैसे उभे करून तिने स्वतःला आणि मुलाला सोडवले होते. तो तिचा एकुलता एक मुलगा आदल्याच वर्षी युद्धात मारला गेला होता.

२० फेब्रुवारीला विली गेला. बहुधा विषमज्वर, आणि त्याचे कारण घरात येणारे दूषित पाणी, असे मानले जाते. त्याचा मृतदेह केकलीबाईंनीच स्वच्छ केला. तो ज्या खोलीत गेला आणि ज्या दालनात त्याला ठेवले होते, तिथे मेरी पुन्हा कधीही गेल्या नाहीत, असे केकलीबाईंनी लिहून ठेवले आहे. विचार करा, आपले स्वतःचे घर असते तर माणसाने ती खोली बंद केली असती किंवा घरच बदलले असते. इथे दोन्ही शक्य नव्हते. ज्या दालनाचे दार बाईंनी आपल्यापुरते बंद केले, त्यातून पाहुणे येत-जात राहिले. इतिहासाच्या पुस्तकांनी मेरी लिंकन यांना उधळी आणि चिडखोर म्हणून रंगवले आहे. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही, पण या फेब्रुवारीनंतरचा त्यांचा चिडखोरपणा मला वेगळा वाटतो.

कचेरी आणि घर वेगळे झाले ते १९०२ मध्ये, थिओडोर रूझवेल्ट यांच्या काळात. त्यांना सहा मुले. दुसरा मजला कुटुंबाला पुरेना, तेव्हा कचेऱ्या बाजूच्या नव्या इमारतीत हलवल्या गेल्या. 'व्हाइट हाऊस' हे नाव अधिकृत केले तेही त्यांनीच, १९०१ मध्ये. या घरात पोरांनी खरी मौज केली ती याच काळात. १९०३ मध्ये आर्चीला गोवर निघाला. त्याला बरे वाटावे म्हणून धाकट्या क्वेंटिनने त्याचे तट्टू लिफ्टमध्ये घालून थेट दुसऱ्या मजल्यावर नेले. तट्टाचे नाव अल्गॉनक्विन. लिफ्टमधल्या आरशात स्वतःला बघून ते तिथून हलायला तयार नव्हते, अशीही गोष्ट सांगतात. हाच क्वेंटिन १९१८ च्या जुलैत, विसाव्या वर्षी, फ्रान्सच्या आकाशात विमानयुद्धात मारला गेला.

कॅल्व्हिन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा १९२४ च्या उन्हाळ्यात तिथल्याच टेनिस कोर्टवर मोजे न घालता खेळला. पायाला फोड आला, तो चिघळला, रक्तात विष भिनले आणि आठवडाभरात मुलगा गेला. पेनिसिलीनचा शोध अजून लागायचा होता. घर कितीही मोठे असो, औषध त्या काळाचेच मिळते.

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण 'यजमान' कोण याचा निकाल शेवटी तिथेच लागतो. फ्रँकलिन रूझवेल्ट यांची बारा वर्षांची कारकीर्द एका बाईच्या हाताखाली गेली, त्यांचे नाव हेन्रिएटा नेस्बिट. एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्यांना घरव्यवस्थापक म्हणून आणले. मंदीचे दिवस, काटकसर हवी, हे धोरण ठीक. पण नेस्बिटबाईंचे जेवण इतके बेचव असे की तिथे जेवायला बोलावलेले लोक घरून खाऊन निघत, अशी ख्याती होती. अध्यक्ष स्वतः कुरकुरत. तेच तेच पदार्थ पुन्हा पुन्हा येतात, अशा चिठ्ठ्या त्यांनी लिहिल्या. एवढ्या महायुद्धाचा गाडा हाकणारा माणूस स्वतःच्या ताटात काय पडावे हे ठरवू शकत नव्हता! चौथ्यांदा निवडून यायचे ते या बाईला काढून टाकता यावे म्हणून, असे ते थट्टेने म्हणत असत म्हणे. काढले मात्र नाही.

ते काम झाले पुढच्या कुटुंबाकडून. बेस ट्रुमन यांना मैत्रिणींच्या एका बैठकीला घरून लोणी न्यायचे होते. नेस्बिटबाईंनी नकार दिला. रेशनिंग आहे, लोणी बाहेर जाणार नाही! बेसबाई मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स या छोट्या गावच्या, साध्या राहणीच्या, आरडाओरडा करणाऱ्या मुळीच नव्हेत. पण घरच्या लोण्याला घरच्या बाईने परवानगी मागायची, हे त्यांना पटले नाही. १९४६ मध्ये नेस्बिटबाई निवृत्त झाल्या.

ट्रुमन कुटुंबाला घराने दुसराच धडा दिला. १९४८ मध्ये मुलगी मार्गारेट हिच्या पियानोचा पाय लाकडी जमिनीतून खाली गेला. तपासणी झाली तेव्हा कळले की इमारत जवळजवळ सवयीने उभी आहे. कुटुंबाला रस्त्यापलीकडच्या ब्लेअर हाऊसमध्ये हलवले. बाहेरच्या भिंती ठेवून आतले सगळे उपसून काढले, पोलादी सांगाडा उभा केला आणि १९५२ च्या मार्चमध्ये ट्रुमन परत आले. त्याआधी त्यांनी दक्षिणेकडे एक सज्जा काढला होता, तेव्हा केवढी टीका झाली. चार वर्षांच्या भाडेकरूने घराचे तोंड बदलायचे? पुढे तोच सज्जा प्रत्येक कुटुंबाची संध्याकाळी बसायची आवडती जागा झाला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी पूर्वेकडची अख्खी इमारत पाडून तिथे भव्य मेजवानी-दालन उभारायला घेतले, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उठला. खर्च देणग्यांतून होईल असे त्यांनी जाहीर केले. अध्यक्षांच्या पत्नीच्या कचेऱ्या त्याच इमारतीत असत. माझे मत विचाराल तर सज्जा आणि पाडकाम यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

माझे बालपण धरणाच्या कॉलनीतल्या क्वार्टर्समध्ये गेले. भिंतीला खिळा मारायचा तरी आई दहादा विचार करायची. बदली झाली की यादी घेऊन माणूस यायचा. पंखे दोन, बल्ब चार, मोरीची बादली एक, बरोबर आहे, सही करा. अंगणात आईने लावलेला कढीपत्ता त्या यादीत नसायचा. त्यामुळे सरकारी घरातल्या बायका काय करतात हे वाचताना माझे लक्ष नेहमी अशा यादीबाहेरच्या गोष्टींकडे जाते.

जॅकलीन केनेडी १९६१ मध्ये आल्या तेव्हा मुलगी तीन वर्षांची, मुलगा काही आठवड्यांचा. कुटुंबाचे जेवण पहिल्या मजल्यावर, मेजवान्यांच्या दालनांशेजारी. तान्ह्या मुलाच्या आईने दूध गरम करायला कुठे जायचे? त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच स्वयंपाकघर आणि जेवणघर करून घेतले. जुन्या वस्तू जमवून घराचे त्यांनी केलेले पुनरुज्जीवन जगाला माहीत आहे, टीव्हीवरही दाखवले गेले. पण पुढच्या प्रत्येक कुटुंबाने त्यांचे आभार मानले असतील ते त्या लहानशा स्वयंपाकघरासाठी. क्लिंटन कुटुंबाने तिथे एक छोटे टेबल मांडले आणि तिघे तिथेच जेवू लागले. जिमी कार्टर यांनी नऊ वर्षांच्या एमीसाठी अंगणात झाडावरचे घर आखून दिले आणि तिला सरकारी शाळेत घातले.

२००९ मध्ये ओबामा कुटुंब आले तेव्हा मलिया दहा वर्षांची, साशा सात. मिशेल यांनी नोकरांना सांगून ठेवले की मुलींची अंथरुणे मुलीच आवरतील. अंगणात भाजीचा वाफा केला. खिडकी उघडायलाही सुरक्षारक्षकांना विचारावे लागते, याचे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात वर्णन केले आहे. पण त्या घरातली माझी आवडती व्यक्ती म्हणजे मिशेल यांच्या आई, मरियन रॉबिन्सन. नातींकडे लक्ष द्यायला त्या शिकागोहून आल्या, त्याही मोठ्या नाखुशीने. जावयाच्या घरी राहायचे! आपल्याकडच्या कितीतरी आयांना हे सांगावे लागणार नाही. तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. आपले कपडे त्या स्वतः धूत, नोकरांना हात लावू देत नसत. बाजारात एकट्या जात. तुम्ही ओबामांच्या सासूबाईंसारख्या दिसता असे कोणी म्हटले तर, हो, पुष्कळजण तसे म्हणतात, एवढे बोलून पुढे होत. आठ वर्षे त्या तिथे राहिल्या. २०२४ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले.

गुलामांनी बांधलेल्या घरात मी रोज सकाळी जागी होते, असे मिशेल २०१६ च्या एका भाषणात म्हणाल्या. त्यांच्या वडिलांचे पणजोबा... नाही, आजोबांचे आजोबा वगैरे नाते जुळवत बसत नाही. साउथ कॅरोलिनातल्या एका भातशेतीवर गुलामीत जन्मलेला जिम रॉबिन्सन हा वडिलांकडून त्यांचा पूर्वज. ईडिथ फॉसेटच्या स्वयंपाकघरापासून मरियन रॉबिन्सन यांच्या कपडे धुण्यापर्यंत दोनशे वर्षे गेली.

नवे अध्यक्ष शपथ घेत असतात त्या पाच-सहा तासांत जुन्या कुटुंबाचे सामान बाहेर आणि नव्याचे आत जाते. संध्याकाळी नव्या माणसांचे कपडे कपाटात लागलेले असतात. हे सगळे करणारे नव्वद-शंभर लोक मात्र बदलत नाहीत. यूजीन ॲलन त्यांच्यापैकी एक. १९५२ मध्ये भांडी घासायच्या कामावर लागले, वाढपी झाले, १९८६ मध्ये निवृत्त झाले तेव्हा मुख्य वाढपी होते. ट्रुमनपासून रीगनपर्यंत आठ अध्यक्ष त्यांनी पाहिले. निवृत्तीआधी एकदा जर्मनीचे चॅन्सलर हेल्मुट कोल यांच्यासाठी मेजवानी होती. नॅन्सी रीगन यांनी ॲलन यांना बोलावून सांगितले की त्या रात्री तुम्ही वाढायचे नाही. ॲलन क्षणभर गोंधळले. मग बाईंनी सांगितले की तुम्ही आणि तुमच्या पत्नी हेलीन पाहुणे म्हणून यायचे आहे. त्या रात्री दोघे टेबलाशी बसले. हेलीनबाईंनी पुढे एका पत्रकाराला कौतुकाने सांगितले की आम्ही शॅम्पेन प्यायलो. ॲलन नुसते हसले. त्या घरात शॅम्पेनच्या बाटल्या रचून ठेवण्याचे काम त्यांचेच असे.